टी-४ आणि टी-३: थायरॉइडच्या दोन गोळ्या

रक्ततपासणीच्या अहवालात टी-३ आणि टी-४ ही थायरॉइड ग्रंथीच्या दोन संप्रेरकांची (हार्मोन्सची) नावे एकाखाली एक येतात, दोहोंच्या गोळ्याही मिळतात, आणि टी-३ अधिक प्रभावी असल्याचे कानावर पडले की थायरॉइड कमी पडल्यामुळे टी-४ घेणाऱ्या, थकव्याने गांजलेल्या माणसाला आपल्याला कमी ताकदीचे औषध दिले आहे असे वाटू लागते. हा समज चुकीचा आहे.

लिव्होथायरॉक्सिन ही गोळी म्हणजे टी-४. त्याच्या रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात. यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा अवयवांतील विकरे (एन्झाइम्स) गरजेनुसार त्यातला एक काढून टाकतात आणि टी-३ तयार होते. निरोगी शरीरातलेही सुमारे ८० टक्के टी-३ याच मार्गाने येते, ग्रंथीतून थेट येणारे थोडेच. म्हणजे टी-४ ची गोळी शरीराला कच्चा माल पुरवते आणि त्याचा वापर किती करायचा हे शरीरावर सोडते.

लायोथायरोनिन म्हणजे तयार टी-३. गोळी घेतल्यावर दोन-चार तासांत रक्तातली पातळी एकदम चढते आणि लवकर उतरते, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावी लागते. छातीत धडधड, हातांना कंप हे त्रास त्यातूनच उद्भवतात. वयस्क आणि हृदयरोगी व्यक्तींना तर त्याचा धोका अधिक. उलट टी-४ चे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी चुकली तरी फारसे बिघडत नाही, मात्र मात्रा बदलल्यावर टीएसएचची (थायरॉइडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी ६ ते ८ आठवडे थांबूनच करावी लागते.

दोन्ही एकत्र देऊन पाहणाऱ्या चाचण्यांतून सातत्याने फायदा दिसलेला नाही. काही निवडक रुग्णांत तज्ज्ञ तसा प्रयोग करतात, पण त्याआधी गोळी कशी घेतली जाते हे विचारायला हवे, असे मला कळकळीने वाटते. पहाटे उठून गोळी तोंडात टाकायची आणि लगेच वर दुधाचा चहा प्यायचा, कॅल्शियमची किंवा लोहाची गोळीही त्याच घोटाबरोबर गिळायची, अशाने औषध नीट शोषलेच जात नाही. ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम व लोह चार तासांनी.

गर्भारपणात मात्र निवडीला जागाच नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी तयार नसते आणि त्याचा मेंदू आईच्या टी-४ वर वाढतो. आईने घेतलेले टी-३ त्याच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे, कारण टी-४ ची मात्रा बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते.