‘डिझाइन’ म्हणजे चौकोनातली नक्षी? खानदेशातल्या प्राथमिक कलाशिक्षणाची पार्श्वभूमी

१८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतली मंडळी अजिंठ्याला येऊन भित्तिचित्रांच्या नकला करत होती. त्या नकला लंडनला गेल्या. लेणी खानदेशच्या उंबरठ्यावर, पण इथल्या गावशाळेतल्या पोरापर्यंत त्यातलं काही आलं नाही. त्याच्या हातात पाटी-लेखण होती आणि पाटी मुळाक्षरांसाठी होती. चित्रं घरी व्हायची: अंगणातली रांगोळी, पोळ्याचे मातीचे बैल.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची सजावट शांतिनिकेतनहून आलेल्या चित्रकाराने बांबूसारख्या साध्या, गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली. पुढच्याच वर्षी वर्ध्याला मूलोद्योगातून, म्हणजे एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने, शिक्षणाचा विचार मांडला गेला. शाळेत मात्र त्यातली सूत कातायची टकळी आली, फैजपूरचा बांबू आला नाही. १९६४-६६च्या शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि पुढे वेळापत्रकात कला आणि कार्यानुभव असे दोन वेगळे तास पडले. ही फाळणी लहान मुलांना महागात पडली असं माझं मत आहे.

ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात जळगाव-धुळ्याकडे चौथी केली, त्यांना शनिवारचा चित्रकलेचा तास आठवेल. गुरुजी फळ्यावर दोन त्रिकोणी डोंगर काढत, मधून सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी आणि झोपडीला टेकलेलं नारळाचं झाड. शाळेच्या कुंपणाबाहेर केळीची बाग आणि बाभळी. एखाद्याने विचारलंच, “गुर्जी, आठे नारळनं झाड कोठे शे?” तर उत्तर एकच: फळ्यावर आहे तसं काढ. गुरुजींना तरी दोष का द्यावा? डी.एड.ला कला हा एक विषय होता, तेवढ्या तयारीवर त्यांना गणितापासून गाण्यापर्यंत सगळं शिकवायचं होतं. कलाशिक्षक असे ते हायस्कुलात.

आणि हायस्कुलातल्या कलेचं घोडं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना बांधलेलं. दहावीला त्या ग्रेडचे वाढीव गुण मिळू लागल्यावर ते आणखी घट्ट बांधलं गेलं. याच परीक्षांनी प्राथमिक शाळेला एक शब्द दिला, ‘संकल्पचित्र’, आणि खरा गुंता इथेच आहे.

परीक्षेत संकल्पचित्र म्हणजे दिलेल्या चौकोनात किंवा वर्तुळात पानं, फुलं, भौमितिक आकार तोल साधून बसवायचे आणि रंग भरायचे. जुन्या शिक्षकांच्या तोंडी याला साधा शब्द होता, नक्षीकाम. पोरं म्हणतात ‘डिझाइन’. म्हणजे तीन शब्द आणि अर्थ एकच, सजावट. हाच शब्द पाटबंधारे खात्याच्या कागदात पाहा. तिथे संकल्पचित्र म्हणजे धरणाचा सांडवा किती रुंद, दरवाजे किती आणि कुठे, याचा आराखडा. हतनूरच्या ४१ दरवाजांमागे असलेलं संकल्पचित्र आणि चौथीच्या वहीतलं संकल्पचित्र यांत नाव सोडून काही समान राहिलं नाही. एकात आधी अडचण आहे, मग आकार. दुसऱ्यात आकार आयता आहे, तो फक्त भरायचा.

गंमत अशी की आधी अडचण, मग आकार या अर्थाचं डिझाइन खानदेशातली पोरं शाळेबाहेर करतच होती. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी घ्या. चिपाड सोलून भेंड वेगळं काढायचं, त्याची चाकं कापायची, आसाला बाभळीचा काटा. काटा भेंडात सैल बसला की चाक डुगडुगतं, घट्ट बसला की फिरत नाही. मग दुसरा काटा शोधायचा. हे शाळेत आलं तर कार्यानुभवाच्या तासाला, ‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हणून. कलेच्या तासाला त्याला जागा नव्हती, कारण त्यावर नक्षी नव्हती.

पुढचं वेगाने घडलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केली, तीही सहावी ते आठवीसाठी आणि पट शंभराच्या वर असेल तिथे. पहिली ते पाचवीला काही नाही. नंदुरबारकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, तिथे कला म्हणजे गुरुजींची हौस. ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाची लेखी परीक्षा नाही, वर्षभराच्या निरीक्षणावर श्रेणी. कागदावर उत्तम. नंतर ‘खेळू, करू, शिकू’ या एका पुस्तकात हे तिन्ही विषय एकत्र आले आणि कला-कार्यानुभवातली जुनी भिंत निदान मुखपृष्ठापुरती पडली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला इतर विषयांत मिसळायला सांगितलं. त्यानुसारचा बदल राज्यात २०२५-२६ला पहिलीपासून सुरू झाला.

निरीक्षणाच्या नोंदी मात्र तयार मिळतात, विषयवार, मोबाइलवर फिरणाऱ्या. ‘चित्रात आवडीने रंग भरतो.’ ‘नक्षीकाम सुबक करतो.’ वर्षअखेर त्या प्रगतिपुस्तकात उतरतात, एकेका ओळीत, कधी कधी ‘भरतो’चं ‘भरते’ करायचं राहून.