वसाहतकालीन क्वेकर कुटुंबांचे जमीन व्यवहार आणि पत्रव्यवहार

क्वेकर म्हणजे 17व्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला एक ख्रिस्ती पंथ, हे लोक स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात. 1670 ते 1750 च्या दरम्यान या पंथातल्या इंग्लिश, वेल्श आणि आयरिश कुटुंबांनी आजच्या अमेरिकेतल्या न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया भागात प्रचंड जमीन घेतली आणि त्यातली बरीचशी न बघता घेतली, म्हणजे घेणारा लंडनमध्ये नाहीतर वेल्सच्या डोंगरात आणि जमीन समुद्रापलीकडे. मग हा सगळा कारभार चालायचा कसा, तर पत्रांवर आणि एकमेकांच्या शब्दावर.

सुरुवात वेस्ट जर्सी म्हणजे न्यू जर्सीच्या पश्चिम भागापासून झाली. 1674 मध्ये लॉर्ड बर्कलीने न्यू जर्सीतला आपला अर्धा हिस्सा 1,000 पौंडांना विकला, कागदावर घेणारा जॉन फेनविक पण खरा मालक एडवर्ड बिलिंज, दोघंही क्वेकर, आणि लगेच दोघांत वाद लागला. पंथाचा दंडक असा की फ्रेंडने फ्रेंडला कोर्टात खेचायचं नाही, म्हणून लवाद नेमला आणि लवाद होता तरुण विल्यम पेन. त्याने 100 पैकी 10 हिस्से फेनविकला दिले. फेनविकला ते पटेना तेव्हा पेनने त्याला पत्रं लिहून समजावलं. पेन जमिनीच्या कामात पडला तो इथून.

1681 मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने पेनच्या वडिलांना द्यायचं असलेलं सुमारे 16,000 पौंडांचं कर्ज फेडण्याऐवजी पेनला अख्खा पेनसिल्व्हेनिया देऊन टाकला. पेनने लगेच विक्री काढली, दर 5,000 एकरला 100 पौंड, शिवाय दर 100 एकरमागे वर्षाला 1 शिलिंग सारा. हा सारा पुढे कायमचा डोकेदुखीचा विषय झाला, लोक द्यायचेच नाहीत. ज्यांना एवढी रक्कम झेपत नव्हती त्यांनी मिळून घेतली. वेल्समधल्या मेरिअनेथच्या क्वेकरांनी तर कंपन्या केल्या, एक-दोघांच्या नावावर 5,000 एकर घ्यायची आणि मग आपापसात वाटायची.

त्यातल्याच एका कंपनीचा डॉक्टर एडवर्ड जोन्स ऑगस्ट 1682 मध्ये पहिल्या तुकडीबरोबर पोचला आणि काही दिवसांतच त्याने मागे राहिलेला भागीदार जॉन अ‍ॅप थॉमस याला पत्र टाकलं. तो लिहितो की शहरातल्या प्लॉटची वाटणी अजून झालेली नाही, गावाकडच्या जमिनीसाठी झुंबड आहे, मंजुरी मिळवायला 4-5 दिवस ताटकळावं लागलं आणि वर कितीतरी मैल पायपीट. पण लाकूड असं की या भागात दुसरीकडे पाहिलं नाही, पाणी भरपूर, आणि प्रत्येक वाट्याचं टोक ज्या नदीला लागतं ती स्कूलकिल आपल्या बाला गावाजवळच्या डी नदीएवढी किंवा त्याहून मोठी. मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं कारण पैसे भरून बसलेल्या माणसाला जे जे विचारायचं असतं ते सगळं यात आलंय, आणि गावच्या नदीचं माप दिल्यामुळे थॉमसला घरबसल्या नीट अंदाज आला असणार. तो स्वतः मात्र येऊ शकला नाही, निघण्याआधीच वारला, त्याची बायको कॅथरिन मुलांना घेऊन आली.

कागदांचा क्रम ठरलेला होता. आधी अर्ज, मग मोजणीचा हुकूम म्हणजे वॉरंट, मग सर्व्हेअर साखळी घेऊन मोजणी करणार, तो अहवाल लँड ऑफिसला जाणार आणि शेवटी पेटंट, म्हणजे मालकीचा कागद. लांबी पर्चमध्ये, 1 पर्च म्हणजे साडेसोळा फूट. चतुःसीमा झाडांवरून, अमुक ब्लॅक ओकपासून तमुक हिकरीपर्यंत इतके पर्च, आणि झाड पडलं की भांडण. असं भांडण आधी मंथली मीटिंगपुढे जायचं, पंथाची महिन्याची सभा, तिथे चार वडीलधारे बसून तोडगा काढायचे आणि जो ऐकणार नाही त्याला पंथातून काढायची वेळ यायची. गाव बदलतानाही मीटिंगचा दाखला लागायचा, म्हणजे अनोळखी माणसाची पत तिथे आधीच पोचलेली असायची. बहुतेक व्यवहार न्यायालयाशिवाय निभावले ते यामुळे.

इंग्लंडमधला मालक तिकडच्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र देऊन मोकळा व्हायचा. लंडनजवळच्या साउथवर्कचा लोहार जॉन हॅडन स्वतः कधीच गेला नाही, 1701 मध्ये त्याची विशीतली मुलगी एलिझाबेथ जर्सीला जाऊन वडिलांची जमीन बघू लागली, हॅडनफील्ड गावाला त्याच घराण्याचं नाव आहे. पत्र पोचायला दोन-तीन महिने सहज जायचे आणि जहाज बुडालं तर पत्रही गेलं, म्हणून व्यापारी घराणी नक्कल दुसऱ्या जहाजाने पाठवायची आणि आपल्याकडे लेटरबुकमध्ये, म्हणजे पत्रांच्या वहीत, उतरवून ठेवायची.

विश्वास अंगाशीही आला. पेनचा हिशेबनीस फिलिप फोर्ड क्वेकरच, त्याने पुढे केलेल्या कागदांवर पेन न वाचता सह्या करत गेला, चक्रवाढ व्याज चढत गेलं आणि अख्खा प्रांतच फोर्डकडे गहाण पडल्यासारखा झाला. फोर्ड वारल्यावर त्याच्या बायकोमुलांनी दावा लावला, हे प्रकरण मीटिंगच्या पातळीवर मिटलं नाही आणि 1708 मध्ये पेन लंडनच्या फ्लीट तुरुंगात गेला. शेवटी क्वेकर मित्रांनीच पैसे उभे करून सुमारे 7,600 पौंडांवर तडजोड केली.

पण सगळ्यात मोठं नुकसान झालं ते मूळच्या लेनापी लोकांचं, आणि ते क्वेकरांच्या चांगल्या नावाखाली झाकलं जाऊ नये असं मला वाटतं. पेनने त्यांच्याशी करार करून मोबदला दिला हे खरं, पण 1737 च्या 'वॉकिंग पर्चेस'मध्ये त्याच्या मुलांनी आणि सेक्रेटरी जेम्स लोगनने 1686 चा म्हणून एक कागद पुढे केला, दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन अशी अट. चालायला ठेवलेली माणसं पळणारी, वाट आधीच साफ केलेली, त्यातला एडवर्ड मार्शल 60 मैलांच्या वर गेला आणि सुमारे 12 लाख एकर हातची गेली. लोगन स्वतः क्वेकर होता आणि लेनापींची तक्रार ऐकायला त्यांची कुठली मीटिंग नव्हती. 1756 मध्ये इझ्राएल पेंबर्टनसारख्या क्वेकरांनी संघटना काढून त्यांची बाजू मांडली, तोवर जवळजवळ वीस वर्षं झाली होती.

पेन आणि लोगन यांची पत्रं लोगनच्या स्टेंटन या घरात पडून होती, ती 19व्या शतकात त्याच्या नातसून डेबोरा नॉरिस लोगन यांनी हाताने उतरवून काढली, पुढे ती छापली गेली. आज असे कागद मुख्यतः फिलाडेल्फियाच्या हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियात आणि हॅवरफोर्ड व स्वार्थमोर कॉलेजांत आहेत. वाचणाऱ्याने तारखा सांभाळाव्यात, क्वेकर महिन्यांना आकडेच वापरायचे आणि 1752 पर्यंत पहिला महिना म्हणजे मार्च, त्यामुळे जोन्सच्या पत्रावरचा 6वा महिना जून नसून ऑगस्ट आहे.