समुद्रातल्या माशावर हक्क कसा लिहायचा: टनात की टक्क्यात?

अलास्कात हॅलिबट नावाचा मासा मिळतो, आपल्या लेपीसारखा चपटा पण आकाराने कितीतरी मोठा. 1990 च्या सुमारास तिथे बऱ्याच भागांत याची मासेमारी वर्षातून दोन-तीनदाच उघडायची आणि तीही फक्त 24 तास. म्हणजे तारीख लागली की वादळ असो नाहीतर काही असो, बोट काढायचीच, कारण आज नाही गेलात तर तुमचा मासा दुसरा कोणीतरी नेणार. रात्रभर जागून गळांच्या लांबच लांब दोऱ्या टाकायच्या, वेळ संपत आली की काही दोऱ्या तशाच पाण्यात राहायच्या आणि त्या गळांना लागलेले मासे फुकट मरायचे. वर सगळा माल एकदम बंदरात आला की ताजा विकणार कोणाला, बहुतेक फ्रीझरमध्येच जायचा.

एकूण किती पकडायचं हा आकडा ठरलेला होता हो, पण त्यातलं कोणाचं किती हे ठरलं नव्हतं, खरी गोची तिथेच होती. 1995 पासून ज्याचा त्याचा हिस्सा ठरवून दिला आणि सीझन थेट आठ महिन्यांचा झाला, आता हवामान बघून निवांत जाता येतं.

पण हिस्सा लिहायचा कसा? न्यूझीलंडने 1986 मध्ये तो टनात लिहिला, एवढे टन तुमचे, कायमचे. आता तिथला ऑरेंज रफी हा खोल समुद्रातला मासा शंभर वर्षांच्या वर जगू शकतो आणि वयात यायलाच त्याला साधारण 30 वर्षं लागतात, त्यामुळे उपसा जास्त होतोय हे कळल्यावर तो कमी करणं भागच होतं, पण टन तर लोकांच्या मालकीचे, म्हणजे सरकारने ते पैसे मोजून परत घ्यायचे! शेवटी 1990 मध्ये टनाचे टक्के केले. मासा घटला की सगळ्यांचा वाटा आपोआप घटतो, वाढला की वाढतो.

पहिला वाटा कोणाला, हे मात्र याहून अवघड आहे. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांनी ब्रिटिशांशी झालेल्या 1840 च्या कराराचा आधार घेऊन भांडून 1992 मध्ये नव्याने कोट्यात, म्हणजे या हिस्सेवाटपाच्या पद्धतीत, येणाऱ्या माशांचा 20 टक्के वाटा मिळवला. अलास्कात हिस्सा गेला बोटवाल्यांना, डेकवर राबणाऱ्या खलाशांना काहीच नाही. पुढे हिस्सा विकत घेणाऱ्या माणसाने स्वतः बोटीवर हजर राहायचं असा नियम आहे, पण ज्यांना सुरुवातीला फुकट मिळाला त्यांना आपल्या बोटीवर कॅप्टन नेमून घरी बसायची मुभा ठेवली, ते मला अजून पटलेलं नाही.