ओळखीचा धंदा, अनोळखी गिऱ्हाईक

मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्यातल्या गावांच्या नावाने चालणारे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहत्या जागा, आहेत. बोटीवर नोकरी शोधायला निघालेला तरुण मुंबईत उतरला की आधी आपल्या गावच्या कुडात पथारी टाकायचा. कोणत्या कंपनीची बोट कधी लागणार, कुक हवा आहे की स्ट्युअर्ड, कोणाला जाऊन भेटायचे, ही माहिती तिथेच मिळे. त्याहून मोलाचे म्हणजे ‘हा आमच्या गावचा, अमक्याचा मुलगा’ असे सांगणारा माणूस तिथे भेटे. हे जाळे मुख्यतः ख्रिस्ती तारवटींचे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचे. हिंदू व्यापाऱ्यांचे जाळे देवस्थानाचे महाजन, मठाचा अनुयायीवर्ग आणि सोयरिकी यांवर उभे होते. म्हापशाच्या दुकानदाराला बेळगावच्या अडत्याकडून उधारीवर माल मिळायचा, तो कोणीतरी मध्ये शब्द टाकला म्हणून. बड्या व्यापाऱ्यांनी तर पोर्तुगीज अमलातच, १९०८ मध्ये, आपली संघटना काढली. आजची गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ती हीच.

लिंक्डइन, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप गोव्यातल्या धंद्यात शिरले ते या जुन्या व्यवस्थेच्या शेजारी. आणि एक गोष्ट सरकारी कार्यक्रमांतल्या भाषणांत सहसा येत नाही: इथला छोटा व्यावसायिक या साधनांकडे वळला तो हौसेने कमी आणि अडचणीपोटी जास्त.

गंमत म्हणजे इंटरनेटवर गोवेकर आधी पोहोचले, गोवा नंतर. हर्मन कार्नेरो यांनी अमेरिकेत शिकत असताना १९९४ मध्ये ‘गोवानेट’ हा ईमेल-गट सुरू केला आणि जगभर पांगलेले गोंयकार ईमेलवर एकमेकांना सापडू लागले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही आधी मोठ्या महानगरांत. पणजी-मडगावच्या दुकानदाराला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. मुक्तीनंतर निघालेल्या दैनिकांत चवथीच्या किंवा दिवाळीच्या अंकाला जाहिरात दिली की वर्षाची प्रसिद्धी झाली, असा हिशेब होता.

किनाऱ्यावरचे गणित निराळे होते. १९८७ मध्ये जर्मनीहून काँडोर कंपनीचे पहिले चार्टर विमान दाबोळीला उतरले आणि पुढची अनेक वर्षे कळंगुट-कांदोळीच्या कित्येक हॉटेलांची भिस्त परदेशी टूर ऑपरेटरवर राहिली. पाहुणा आणायचा ऑपरेटरने, दर ठरवायचा त्यानेच, मालकाने खोली स्वच्छ ठेवायची. २००० मध्ये ट्रिपअ‍ॅडव्हायझर निघाले आणि हळूहळू ही घडी मोडली. लंडनला परतलेला पाहुणा नळाला पाणी नव्हते की नाश्ता झकास होता, हे जगाला सांगू लागला. शब्द टाकण्याचे काम गावच्या माणसाकडून निघून अनोळखी माणसाकडे गेले. माझ्या मते गोव्याच्या धंद्यातला खरा बदल हाच आहे. पुढची माध्यमे त्याच वाटेने आली.

लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झाले. गोव्यात त्याला मुळे धरायला जागा मिळाली ती बाजारात नव्हे, कॅम्पसमध्ये. बिट्स पिलानीचे संकुल झुआरीनगरला २००४ मध्ये सुरू झाले. त्याआधी १९९३ पासून गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट होतीच. ती पुढे रायबंदरहून साखळी शहराजवळ गेली. इथून बाहेर पडलेली मुले बंगळूर-पुण्याला नोकरीला लागली आणि वेर्णातल्या औषध कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनाही उमेदवार लिंक्डइनवर सापडू लागले. पेडण्यातला फॅब्रिकेटर किंवा फोंड्यातला काजू कारखानदार मात्र त्या वाटेला फारसा गेला नाही. एक कारण भाषेचे. लिंक्डइनवर पहिली भारतीय भाषा म्हणून हिंदी आली ती डिसेंबर २०२१ मध्ये, मराठी त्यानंतर. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्या कंत्राटदाराशी रोज सकाळी चहाच्या टपरीवर गाठ पडते, त्याला ‘कनेक्शन’ची विनंती कशाला पाठवायची? पण हाच कारखानदार गोव्याबाहेर गिऱ्हाईक शोधायला निघाला की त्याच्याविषयी बोलायला तिथे कोणीच नसते. लिंक्डइनवर नसल्याची उणीव त्याला तेव्हा जाणवते.

फेसबुकची गोष्ट लवकर संपते. २००७ च्या अखेरीस व्यवसायांसाठी ‘पेज’ आले आणि पुढच्या काही वर्षांत शॅक (किनाऱ्यावरच्या खानावळी), बुटीक, ट्रॅव्हल एजंट सगळ्यांनी ते उघडले. फुकटात हजारो लोकांपर्यंत पोहोचायचे ते दिवस होते. ते फार टिकले नाहीत.

याच काळात गोव्याच्या आतल्या भागावर घाव बसला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्ये काही काळ काम सुरू झाले. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत ट्रकमालकाला एकच गिऱ्हाईक ठाऊक होते: खाण. गॅरेजवाला, टायरवाला, खाणीच्या वाटेवरची खानावळ, सगळे त्याच साखळीतले. त्यांना आपला धंदा कोणाला सांगायची वेळच आली नव्हती. ती आली तेव्हा हातात स्मार्टफोन होता, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा जवळजवळ फुकट झाला होता.

जानेवारी २०१८ हा महिना या इतिहासात मला सगळ्यात बोलका वाटतो. त्या महिन्यात फेसबुकने जाहीर केले की लोकांना मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्ट आधी दिसतील, धंद्यांच्या मागे पडतील. मागे पडलेल्यांनी पुढे यायचे तर पैसे भरायचे, हा त्याचा अर्थ. त्याच महिन्यात त्याच कंपनीने छोट्या दुकानदारांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणले: मालाचा कॅटलॉग नंतर आला, पण दुकानाचा पत्ता, वेळ, ठरावीक उत्तरे ही सोय सुरुवातीपासूनच होती. गोव्यातल्या लोकांनी ते पटकन उचलले यात नवल नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलेला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. शहरी मार्केटिंगवाल्याला ही अडचण वाटते. नेवऱ्या (करंज्या), चकल्या करून विकणाऱ्या बाईला ती सोयीची आहे. तिचा नंबर ज्याच्याकडे आहे त्याला तो वाड्यावरच्या कोणीतरी दिलेला असतो. इथे कूड पुन्हा उभा राहिला म्हणायला हरकत नाही.

मार्च २०२० मध्ये या सगळ्याची परीक्षा झाली. जनता कर्फ्यू गोव्यात लांबवला गेला आणि सुरुवातीच्या दिवसांत किराणा दुकानेही बंद राहिली. नुस्ते (मासे), भाजी, पाव कुठे मिळेल याची विचारपूस वाड्यावाड्याच्या ग्रुपवर होऊ लागली. जत्रा आणि फेस्ते (चर्चचे उत्सव) रद्द झाली तसे खाजे ही जत्रेतली मिठाई विकणाऱ्यांचे वर्षाचे उत्पन्नच बुडाले. त्याच वर्षी गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हा योग काहीसा क्रूरच. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून घरी बसलेल्या आचाऱ्यांनी शाकुती आणि बिर्याणी डब्यात भरून विकायला घेतली. पैसे यूपीआयवर येत.

जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले. टाळेबंदी उठल्यावर गोव्यात आलेला देशी पर्यटक रील पाहूनच आला. पर्राच्या माडांच्या रस्त्यावर फोटोसाठी गर्दी होऊ लागली, आसगावच्या जुन्या घरांत कॅफे निघाले. जेवण फुकट घेऊन कौतुक करणारे इन्फ्लुएन्सर आले आणि हॉटेलमालकांना हा नवा खर्च हिशेबात धरावा लागला. जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसे लिहिणे सक्तीचे केले. केंद्राच्या ग्राहक खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. पाळणारे थोडे दिसतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पारडे उलटे झुकले. एका उद्योजकाने एक्सवर आकडे देत गोव्याचे परदेशी पर्यटन कोसळल्याचे लिहिले आणि ती पोस्ट देशभर फिरली. आकडे चुकीचे आहेत असे सांगत पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार दिली. २०२३ मधले परदेशी पर्यटक २०१९ च्या जवळपास निम्म्यावर होते हे सरकारी आकडेवारीतही होते, त्यामुळे वाद शमण्याऐवजी वाढला. टॅक्सीचे दर, शॅकचे बिल, रस्त्यांचे हाल यांच्या तक्रारी त्या पोस्टखाली येत राहिल्या. त्यांची उत्तरे पोलिसांतल्या तक्रारीतून मिळणार नव्हती.

दरम्यान १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानुसार पर्यटकांना खोली भाड्याने देणाऱ्याने नोंदणी करायची असते. इन्स्टाग्रामवर व्हिला देणारी अनेक खाती पोहण्याचा तलाव दाखवतात, दर सांगतात, व्हॉट्सअ‍ॅप नंबर देतात. नोंदणी क्रमांक क्वचितच दिसतो.