पाण्याचे आकडे एकमेकांना कधी ओळखतील?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी दोन आकडे असतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. त्याच बातमीत खाली कोयना धरणाची पातळीही फुटांतच दिलेली असते, पण तिथला आकडा दोन हजारांच्या पुढे असतो. धरण काठोकाठ भरलं की तो २१६३ वर जातो. आणखी खाली, कर्नाटकातलं अलमट्टी धरण मीटरमध्ये मोजलं जातं. त्याची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर.

चारही आकडे एकाच कृष्णा खोऱ्यातले, चारही पाण्याची पातळीच सांगणारे. तरी ते एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडले तर त्यांतून काहीच निघत नाही. कोयनेचे फूट समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. राजाराम बंधाऱ्याचे फूट तिथल्याच ठरलेल्या शून्यापासून. एकक तेच, शून्य वेगळा. साठ्याचीही हीच गत. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, म्हणून सगळ्यांना पाठ, तर दुसऱ्या कागदावर तेच पाणी दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये येतं. एक टीएमसी म्हणजे साधारण २८.३२ दशलक्ष घनमीटर हे ज्याला ठाऊक, त्यालाच दोन्ही कागद जुळवता येतात.

पूर नियंत्रण कक्षातल्या अनुभवी अभियंत्याला हे सांगावं लागत नाही. कोणता आकडा कशापासून मोजलाय, कोणत्या धरणाचं पाणी कोणत्या पुलाखालून जाणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. पण त्याची बदली झाली की ते ज्ञान त्याच्याबरोबर जातं. संगणकाला ते कधीच नसतं. सर्वसामान्य माणसाला, पत्रकाराला, संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला दर वेळी पहिल्यापासून शोधावं लागतं. आपल्याकडे पाण्याची मोजणी होत नाही असं नाही. केंद्रीय जल आयोग मोजतो, राज्याचा जलसंपदा विभाग मोजतो, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते, केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरी आणखी वेगळ्या. आकडे भरपूर आहेत, त्यांची एकमेकांशी ओळख नाही. ही ओळख लिहून ठेवण्याची जी पद्धत गेल्या काही वर्षांत पाण्याच्या क्षेत्रात आली आहे, तिला नॉलेज ग्राफ म्हणतात.

नाव भारदस्त असलं तरी त्याचा पाया तीन भागांच्या वाक्यांचा आहे: एक वस्तू, एक संबंध, दुसरी वस्तू. ‘राधानगरी धरण — बांधलं आहे — भोगावती नदीवर.’ ‘भोगावती — मिळते — पंचगंगेला.’ ‘राजाराम बंधारा — आहे — पंचगंगेवर.’ ‘पंचगंगा — मिळते — कृष्णेला, नृसिंहवाडीपाशी.’ अशी हजारो वाक्यं एकत्र आली की वस्तूंचे बिंदू आणि संबंधांच्या रेषा यांचं जाळं तयार होतं. वाक्यं अशी लिहिण्याचा नियम आरडीएफ या नावाने १९९९ मध्येच वेबच्या प्रमाणसंस्थेने ठरवला होता. गूगलने २०१२ साली आपल्या शोधयंत्रामागे असंच जाळं उभं केलं आणि हे नाव सर्वतोमुखी झालं.

आता या जाळ्याला विचारा: ‘राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला कोणकोणती धरणं आहेत आणि त्यांतून आत्ता किती विसर्ग सुरू आहे?’ हा प्रश्न कोणी आधी कल्पून ठेवलेला नसतो, त्याचा तक्ता कुठे बनवलेला नसतो. संगणक बंधाऱ्यापासून पंचगंगेवर येतो, तिथून भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी अशा एकेका नदीने वर चढतो, वाटेतल्या धरणांवर थांबतो आणि प्रत्येकाचा ताजा आकडा त्याच्या मूळ खात्याकडून उचलतो. साध्या तक्त्यांवर हेच करायचं तर आधी कोणीतरी सगळे तक्ते हाताने जुळवायला हवेत.

हाताने जुळवताना माणूस सर्वांत जास्त अडतो तो नावांपाशी. कोयना ही नदी आहे, धरण आहे, जलविद्युत प्रकल्प आहे, अभयारण्यही आहे. धरणामागच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. तिकडे मराठवाड्यात जायकवाडी, नाथसागर आणि पैठणचं धरण ही नावं लोक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. पिंपळगाव तर किती तालुक्यांत सापडेल! म्हणून जाळ्यातली पहिली अट अशी की प्रत्येक वस्तूला कायमचा, एकमेव ओळख क्रमांक हवा. जमिनीचा मालक बदलतो, पीक बदलतं, पण सातबाऱ्यावरचा गट नंबर टिकतो, तसा.

या बाबतीत अमेरिकेतलं काम बघण्यासारखं आहे. न्यू मेक्सिकोत रिओ ग्रान्दे नदीवर एम्बुडो इथे १८८९ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने आपलं पहिलं प्रवाहमापन केंद्र उभारलं. त्या केंद्राचा क्रमांक ०८२७९५००. हे क्रमांक नदीच्या प्रवाहाच्या दिशेने वाढत जातात आणि पुढे नवं केंद्र आलं तर सोय व्हावी म्हणून मध्ये जागा सोडलेली असते. किती दूरदृष्टीने केलेली रचना आहे ही! तरीही ती फाइल कोणी एक्सेलमध्ये उघडली की सुरुवातीचा शून्य गळून पडतो, क्रमांक ८२७९५०० होतो आणि दुसऱ्या फाइलशी जुळत नाही. शिवाय हा क्रमांक त्या एका संस्थेचा. त्याच नदीवर राज्याचं खातं, सिंचन मंडळ, पाण्याची गुणवत्ता तपासणारी संस्था यांचे क्रमांक निराळेच.

यातून मार्ग काढायला तिथे जिओकनेक्स नावाची व्यवस्था उभी राहिली. तिच्यामागची ‘इंटरनेट ऑफ वॉटर’ ही कल्पना २०१७ च्या सुमारास पाणी आणि धोरण क्षेत्रातल्या मंडळींच्या चर्चेतून पुढे आली आणि ड्यूक विद्यापीठातल्या संस्थेने ती हातात घेतली. मला या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती ही, की कोणाचाही डेटा हलवावा लागत नाही. प्रत्येक खातं आपले आकडे आपल्याच सर्व्हरवर ठेवतं. फक्त प्रत्येक केंद्रासाठी एक वेब पान करायचं आणि त्या पानात, वाचणाऱ्याला न दिसणारा, यंत्राला कळणारा छोटा मजकूर घालायचा: मी अमुक केंद्र, अमुक नदीवर, इथे हे हे मोजलं जातं, एकक हे, आकडे इथून उतरवून घ्या. त्या पानाला जिओकनेक्सकडून कायमचा पत्ता मिळतो. उद्या खात्याने संकेतस्थळ बदललं तरी तो पत्ता तोच राहतो. तो कुठे पोहोचवतो तेवढंच बदलायचं. मग एक प्रणाली ही सगळी पानं फिरून वाचते आणि त्यांतल्या वाक्यांचं एकच जाळं विणते.

यंत्रणेपेक्षा कायद्याने जास्त फरक पडला असेल, असंही मला वाटतं. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०१९ मध्ये पाण्याचा डेटा खुला करण्याचे कायदे केले. न्यू मेक्सिकोत पाण्याशी संबंधित खात्यांना एकत्र बसवून समन्वयाचं काम राज्याच्या भूगर्भ विभागाकडे सोपवलं. म्हणजे क्रमांक सांभाळायचा कोणी, हे कागदावर ठरलं.

आता जाळं विणताना कुठे सांभाळायचं, तेही सांगायला हवं. पहिला धोका ‘हे आणि ते एकच’ या वाक्याचा. दोन खात्यांच्या निरीक्षण विहिरी शंभर मीटरवर असल्या तर संगणकाला त्या एकच वाटू शकतात. पण एक उथळ आणि दुसरी खोलवरची असेल, तर बेसॉल्टच्या थरांत त्या दोन निराळ्या जलधरांचं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरांचं, पाणी दाखवत असतात. त्यांची गाठ मारली की चूक सगळ्या जाळ्यात पसरते, आणि ती शोधणं मूळ तक्त्यातल्या चुकीपेक्षा कितीतरी अवघड.

दुसरी अडचण सांगलीची. वारणा कृष्णेला हरिपूरपाशी मिळते, म्हणजे आयर्विन पुलाच्या खाली. ‘पुलाच्या वर काय आहे’ असं विचारलं तर जाळं वारणेवरच्या चांदोली धरणाचं नावही घेणार नाही, कारण त्याचं पाणी त्या पुलाखालून जातच नाही. पण संगमापाशी वारणा तुडुंब असली की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं आणि पुलाची पातळी चढते. म्हणजे ‘मिळते’ हा एक संबंध पुरत नाही. ‘फुगवटा पोहोचतो’ असा दुसराही लिहावा लागतो, आणि तो नदीच्या तेव्हाच्या स्थितीवर अवलंबून असतो.

म्हणूनच अलमट्टीच्या फुगवट्याने सांगली-कोल्हापूर बुडतं का, या वादाचा निकाल नॉलेज ग्राफ लावणार नाही. त्याला जलशास्त्रीय प्रतिमान, म्हणजे नदीच्या वाहण्याचं गणिती मॉडेल लागतं. पण ते बनवणाऱ्यांचे किती दिवस पातळ्यांचे शून्य शोधण्यात आणि फुटांचे मीटर करण्यात जातात! तेवढं काम एकदा नीट लिहून ठेवलं तर महाराष्ट्र, कर्नाटक आणि केंद्र, तिघेही निदान त्याच आकड्यांवरून भांडतील.

सुरुवातीला सगळ्या देशाचं जाळं विणायची गरज नाही. गावांना केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे कोड आहेत, पाण्याच्या माहितीच्या इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्राच्या पोर्टलवर अनेक खात्यांचे आकडे एका जागी येतात, त्यावर २०१८ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय जल माहिती केंद्र काम करतं. पाया आहेच. कृष्णा खोऱ्यापुरती एक उघडी यादी करावी: प्रत्येक धरण, बंधारा, पूल, मापन केंद्र; त्याचा कायम क्रमांक; त्याची सगळी नावं आणि निरनिराळ्या खात्यांतले कोड; पातळी कोणत्या शून्यापासून आणि कोणत्या एककात; आणि लगतचं वरचं व खालचं ठिकाण कोणतं. पाटबंधारे खात्यातले जुने जाणते लोक निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याकडून ती तपासून घ्यावी, आणि तिच्यातली चूक कोणालाही कळवता येईल असा एक जबाबदार अधिकारी नेमावा.