‘बॅच रद्द’ आणि ‘फीमध्ये सूट’ एकाच एसएमएसात का नकोत

दादरला ताईचा योगाचा क्लास आहे, पहिली बॅच सकाळी ७ ला. जुलैत एका पहाटे हिंदमाता चौकात पाणी भरलं, तेव्हा ताईने साडेपाचला सगळ्यांना एसएमएस सोडला: बॅच रद्द. तरी सातला चार काकू रेनकोट घालून गेटवर हजर! मेसेज निघालाच नव्हता. त्याच्या शेवटी ‘मैत्रिणीला आणा, फीमध्ये सूट मिळवा’ अशी शेपटी होती, आणि तिच्यापायी ते टेम्प्लेट (मोबाइल कंपनीकडे आधी मंजूर करून घ्यायचा मजकूर) प्रमोशनल, म्हणजे जाहिरात म्हणून मंजूर झालं होतं.

(व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, असं कुणीही म्हणेल. आहे. त्यात गुड मॉर्निंगची फुलं इतकी, की अर्ध्याजणींनी तो म्यूट केलाय.)

क्लासवाल्याला ‘बॅच रद्द’ आणि ‘सूट मिळवा’ हे दोन्ही मेसेज एकच वाटतात, कारण माणसं तीच. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांत मात्र मजकूर बघतात, तुमचा हेतू नाही. फी भरलेल्या माणसाला त्याच्याच बॅचबद्दल कळवलं तर तो सर्व्हिस मेसेज: वेळ बदलली, बाई आजारी, पावती. तो पहाटेही जातो आणि नंबर डीएनडीत, म्हणजे ‘जाहिराती नकोत’च्या यादीत असला तरी पोचतो. काही विकायला काढलंत, की प्रमोशनल. त्याला सकाळी १० ते रात्री ९ एवढीच मुभा, आणि १९०९ वर कळवून ज्यांनी जाहिराती बंद केल्यात त्यांना तो जात नाही. दोन्ही एकत्र कोंबलं, तर अख्खा मेसेज जाहिरात ठरतो.

खरी गंमत फीच्या आठवणीत आहे. ‘जूनची फी ५ तारखेपर्यंत भरा’ हा सर्व्हिस. ‘५ तारखेच्या आत तीन महिन्यांची भरा, १० टक्के सूट’ म्हटलंत, की गेलात पलीकडे. वर्षभर न फिरकलेल्या विद्यार्थिनीला नव्या बॅचचं कळवणं हीसुद्धा जाहिरातच, तुम्ही कितीही आपुलकीने लिहा.

नोंदणीची वाट दोन्हींना एकच: कुठल्याही एका मोबाइल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर (असे मेसेज नोंदवायच्या वेबसाइटवर) आधी क्लासची नोंद, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसतो तो कोड), मग टेम्प्लेट. ओळखायचं कसं? २०२५ पासून हेडरच्या शेवटी सर्व्हिसला ‘एस’ आणि प्रमोशनलला ‘पी’ लागतो. सुरुवातीच्या ‘व्हीएम’ किंवा ‘जेएम’मधला ‘एम’ म्हणजे आपली मुंबई. त्याचा मेसेजच्या प्रकाराशी संबंध नाही.

मराठीत लिहिणार असाल तर आणखी एक हिशोब ठेवा. इंग्रजी एसएमएसात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘बॅच’ची तीन, ‘रद्द’ची चार. ७१ वं आलं, की दोन मेसेजचे पैसे.

ताईचं आता वेगळं सर्व्हिस टेम्प्लेट आहे: ‘आज पावसामुळे सकाळी ७ ची बॅच रद्द.’ मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ३३. उरलेल्या ३७ मध्ये क्लासचं नाव आरामात बसतं. फीमधल्या सवलतीची जाहिरात ती सकाळी ११ नंतर सोडते, काकूंची भाजी फोडणीला पडल्यावर.