झापल्यावर काम सुधारतं, असं का दिसतं?

माझा भाचा गेल्या दिवाळीनंतर चाकणजवळच्या एका कारखान्यात लाईन सुपरवायझर झाला. हाताखाली अकरा ऑपरेटर, सगळे सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर. दोन महिन्यांनी घरी आला तेव्हा त्याचं मत पक्कं झालं होतं. "मामा, गोड बोलून टीम चालत नाही. एकाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं, तर पुढच्या आठवड्यात त्याचंच रिजेक्शन, म्हणजे नापास नग, वाढलं. दुसऱ्याला चांगला झापला, तो लगेच सरळ आला. आणि हे एकदा नाही, सात-आठ वेळा झालंय."

त्याने पाहिलं ते खरं होतं. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता. क्वालिटी विभागातल्या माझ्या एकतीस वर्षांत हेच वाक्य मी फोरमनपासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि प्रत्येकाने ते स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर म्हटलं होतं. अनुभव इतक्या माणसांना एकाच दिशेने कसा फसवतो, याचं उत्तर संख्याशास्त्राकडे आहे. मला ते गणितातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

हेच वाक्य १९६०च्या दशकात इस्रायलच्या हवाई दलातल्या एका अनुभवी प्रशिक्षकाने डॅनिएल कानेमन यांना ऐकवलं होतं. पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हे मानसशास्त्रज्ञ तेव्हा तरुण होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो, असं ते प्रशिक्षकांना समजावत होते. तो प्रशिक्षक उठून म्हणाला की, आमच्याकडे उलटं होतं. एखाद्या कॅडेटने हवाई कसरत सुरेख केली आणि मी शाबासकी दिली, की पुढच्या खेपेला ती हमखास बिघडते. वाईट केली आणि मी ओरडलो, की सुधारते. कानेमननी वाद घातला नाही. जमिनीवर खडूने एक खूण केली आणि प्रत्येक अधिकाऱ्याला तिच्याकडे पाठ करून दोन नाणी मागे फेकायला सांगितली. पहिलं नाणं ज्यांचं खुणेच्या अगदी जवळ पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. पहिलं लांब गेलेल्यांचं दुसरं जवळ आलं. मध्ये कुणी कुणाला शाबासकी दिली नव्हती, कुणी ओरडलंही नव्हतं.

हे घरी करून बघता येतं. मी भाच्यासमोर ल्युडोचे दोन फासे ठेवले. दोन्हींची बेरीज म्हणजे ऑपरेटरचं त्या आठवड्याचं काम. २ म्हणजे भिकार, १२ म्हणजे उत्तम, सरासरी ७. नियम असा की बेरीज ४ किंवा त्याहून कमी आली की त्याने फाशांना झापायचं, १० किंवा जास्त आली की कौतुक करायचं, आणि मग पुन्हा टाकायचे. तासाभरात त्याच्या वहीत झापल्यानंतर सुधारलेल्या फाशांची रांग लागली.

गणित सोपं आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यता. त्यांत २ एका प्रकारे येतो, ३ दोन प्रकारे, ४ तीन प्रकारे. पहिल्यांदा २ आला असेल तर पुढची बेरीज त्याहून मोठी असण्याच्या ३५ शक्यता, ३ आला असेल तर ३३, ४ आला असेल तर ३०. ज्याच्या-त्याच्या वजनाने धरले, तर २१६ पैकी १९१, म्हणजे सुमारे ८८ टक्के. झापलेले फासे शंभरात ८८ वेळा सुधारणार. आणि कौतुक केलेले फासे तितक्याच वेळा, शंभरात ८८ वेळा, बिघडणार. फाशांना तर कानच नाहीत.

या प्रकाराला रिग्रेशन टू द मीन म्हणतात, म्हणजे सरासरीकडे परतणं. सरासरीची ओढ असंही काही जण म्हणतात; मी तो शब्द टाळतो, कारण इथे ओढणारं काहीच नसतं. एखादा आकडा फार वाईट येतो तेव्हा त्या दिवशी बऱ्याच वाईट गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पुढच्या खेपेला त्या तशाच एकत्र येण्याची शक्यता मुळातच कमी असते, एवढंच. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांना हे १८८६ साली माणसांच्या उंचीत दिसलं. २०५ जोडप्यांची ९२८ मोठी झालेली मुलं त्यांनी तपासली. आईवडिलांची मिळून उंची सरासरीपेक्षा ३ इंच जास्त असेल, तर मुलांची सरासरी उंची फक्त २ इंचांच्या आसपासच जास्त निघाली. आणि तीच आकडेवारी उलटी वाचली तरी तसंच दिसतं. फार उंच मुलांचे आईवडील सरासरीने त्यांच्याइतके उंच नसतात. मुलगा काही बापाची उंची मागे जाऊन कमी करू शकत नाही, म्हणजे या परतण्यामागे कारण-परिणाम असा काही संबंध नाही.

माणूस म्हणजे फासा नव्हे, हा आक्षेप भाच्याने लगेच घेतला, आणि तो रास्त आहे. ऑपरेटरच्या कामात कौशल्य असतं, शिवाय त्याच्या हातात नसलेल्या गोष्टी असतात: बारचा, म्हणजे ज्यातून नग कापतात त्या धातूच्या सळईचा, कडकपणा, इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार, कूलंटचं तापमान, आदल्या शिफ्टने सोडलेली सेटिंग. या दोन्हींचं मिश्रण किती, हे एका आकड्यात सांगता येतं. या आठवड्याच्या आणि पुढच्या आठवड्याच्या आकड्यांचा सहसंबंध काढायचा. सगळं कौशल्यच असेल तर तो १ येतो, सगळा योगायोग असेल तर ०. समजा तो ०.४ आला. सरासरी ऑपरेटरचे आठवड्याला १६ नग रिजेक्ट होतात आणि एकाचे २६ झाले, तर तो सरासरीच्या १० पुढे आहे. पुढच्या आठवड्यात तो ०.४ गुणिले १०, म्हणजे ४ पुढे असेल, अशी अपेक्षा धरायची. म्हणजे २०. सहा नग कमी झाले आणि तोंडातून एक शब्द निघालेला नाही. झापून सात कमी झाले असतील तर त्या झापण्याच्या नावावर फार तर एक नग मांडता येईल, आणि त्या एका नगाचीही खात्री नाही.

मानसशास्त्रज्ञ पॉल शाफ्नर यांनी १९८५ साली याचीच परीक्षा घेतली. भाग घेणाऱ्यांनी शिक्षक व्हायचं आणि एका मुलाला शाळेत वेळेवर, साडेआठला, यायची सवय लावायची. मुलगा रोज ८.२० ते ८.४० च्या दरम्यान येई. ती वेळ पाहून शाबासकी द्यायची, रागवायचं, किंवा गप्प बसायचं. येण्याच्या वेळा संगणकाने आधीच, फासे टाकावेत तशा, कशाही ठरवलेल्या होत्या. शिक्षकाच्या बोलण्याचा त्यांच्याशी काहीही संबंध नव्हता. तरीही बहुतेकांनी शेवटी सांगितलं की शाबासकीपेक्षा रागावण्याचा जास्त उपयोग झाला.

मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट ही वाटते की इथे शिक्षण होतं ते साहेबाचं. ओरडलं की बक्षीस मिळतं, कौतुक केलं की चपराक बसते, असा अनुभव त्याला वर्षानुवर्षं येत राहतो. मग मूळचा सज्जन माणूसही कडक साहेब होत जातो.

याच वाटेने अंगारे, ताईत आणि साडेसातीचे उपाय चालतात. माणूस ज्योतिषाकडे सगळं बरं चाललेलं असताना जात नाही, सगळ्या बाजूंनी कोंडी झाली की जातो. तिथून पुढचे दिवस आदल्या दिवसांपेक्षा बरे असण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याचं श्रेय अंगठीतल्या खड्याला मिळतं. रिजेक्शन वाढलं म्हणून मशीनला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे, आणि पुढच्या आठवड्यात रिजेक्शन खरंच उतरलेलंही पाहिलं आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा होते ती निराळी. ज्या हत्यारावर पोट भरतं त्याबद्दलची ती कृतज्ञता आहे आणि तिचा मला आदर आहे. प्रेरणादायी भाषणांचंही लिंबू-मिरचीसारखंच आहे. मंदीच्या तिमाहीत वक्त्याला बोलावतात, पुढची तिमाही बरी जाते, वक्त्याला पुन्हा आमंत्रण जातं.

मग आकड्यांकडे बघायचंच नाही का? बघायचं, पण कसं, ते अमेरिकन अभियंते वॉल्टर श्युहार्ट यांनी १९२४ साली दाखवलं. आपल्याकडचे क्वालिटीवाले ज्याला कंट्रोल चार्ट म्हणतात, तो त्यांचा. स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतात येऊन गेले. त्यांचं म्हणणं असं की चढउतार दोन जातींचे. एक, पद्धतीतच भिनलेला, रोजचा. दुसरा, काहीतरी वेगळं घडल्यामुळे आलेला. दोन्ही ओळखायला ढोबळ नियम पुरतो. बऱ्याच नगांमधून थोडे रिजेक्ट होत असतील तर सरासरीचं वर्गमूळ काढा आणि त्याच्या तिप्पट अंतर दोन्ही बाजूंना सोडा. १६ चं वर्गमूळ ४, तिप्पट १२. म्हणजे ४ ते २८ मधला कुठलाही आकडा हा रोजचा हेलकावा. ९ वाल्याला शाबासकी आणि २३ वाल्याला झापणं, दोन्ही बिनबुडाचं.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे श्युहार्ट यांचे शिष्य म्हणायला हरकत नाही. १९५० साली जपानी कारखानदारांना त्यांनी हे शिकवलं. पुढे आपल्या शिबिरांत ते एक प्रयोग करत. एका पेटीत पांढरे आणि लाल मणी, लाल २० टक्के. श्रोत्यांतून सहा जणांना कामगार म्हणून उभं करायचं. प्रत्येकाने ५० खाचांची फळी मण्यांत बुडवून बाहेर काढायची. लाल मणी म्हणजे रिजेक्ट. डेमिंग स्वतः साहेब होत. कमी लाल आले की कौतुक, जास्त आले की कानउघाडणी. लाल मण्यांची सरासरी १०, आणि हेलकावा साधारण २ ते १८ पर्यंत. कामगार कितीही मन लावून काम करो, लाल मणी पेटीतच होते. आणि पेटी कामगाराने भरलेली नव्हती.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. जरा किचकट आहे, पण लेथवर काम केलेल्याला लगेच पटेल. समजा मशीनची सेटिंग बरोबर आहे आणि प्रत्येक नगाच्या मापात थोडी आपोआप होणारी चूक येते. नवखा ऑपरेटर काय करतो? एक नग दोन शतांश मिलिमीटर मोठा आला की ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, दोन शतांश कमी करतो. पुढचा लहान आला की वाढवतो. दिसायला हा फार दक्ष माणूस. पण प्रत्यक्षात पुढच्या नगात आता दोन चुका शिरतात: त्या नगाची स्वतःची आणि आदल्या नगाची, उलट्या चिन्हाने. दोन्ही एकमेकींशी संबंध नसलेल्या, म्हणून त्यांचं प्रसरण, म्हणजे विचलनाच्या वर्गाची सरासरी, दुप्पट होतं. मापांचा पसारा २ च्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. काहीच केलं नसतं तर नग जास्त चांगले आले असते. दर आकड्याला टीमला बोलणारा साहेब हेच माणसांच्या बाबतीत करत असतो, असं मला वाटतं. फक्त तिथे तो पसारा मोजायला मायक्रोमीटर नाही.

शिस्त हा शब्द आपण नेहमी हाताखालच्यांसाठी वापरतो. मी भाच्याला सांगितलं की पहिली शिस्त तुझी. दर शनिवारी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने अकरा आकडे कागदावर मांडायचे आणि ते मांडेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही. आणि नम्रता म्हणजे हळू आवाजात बोलणं नव्हे. आकडा हेलकाव्याच्या आत असेल तर त्यात आपल्या कर्तबगारीचाही काही पुरावा नाही, हे चांगल्या आठवड्यातही मान्य करायला जी लागते, ती. वाईट आठवड्यात ती बाळगणं सोपं असतं.

बोलायचं कसं, यावरही चांगलं काम झालं आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली जुने अभ्यास एकत्र केले, तेव्हा माणसाला त्याच्या कामाबद्दल सांगितल्यावर काम सरासरीने सुधारलेलं दिसलं खरं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते उलट बिघडलेलं निघालं. त्यांनी लावलेला अर्थ असा की बोलणं कामावरून माणसावर घसरलं, की त्याचा परिणाम उतरत जातो. "हा बोअर (नगातलं भोक) दोन शतांश मोठा आहे" या वाक्याने हात मशीनकडे जातो. "तुझं लक्षच नसतं" या वाक्याने मन स्वतःकडे वळतं.

भाच्याने तक्ता सुरू केला. पहिले पाच आठवडे सगळे ठिपके ४ आणि २८ च्या मध्ये. एकाचा २७ आला त्या शनिवारी त्याचा फोन आला होता, बोलू का म्हणून. मी थांब म्हटलं. सहाव्या आठवड्यात एकाचे ३४ आणि दुसऱ्याचे ३१ आले, एकाच वेळी. दोघं वेगवेगळ्या शिफ्टचे, एक पंधरा वर्षं जुना, एक नवा. एरवी दोघांनाही उभं केलं असतं, असं तो म्हणाला. या वेळी तो दोघांकडे वही घेऊन गेला आणि आठवडाभरात काय वेगळं होतं, एवढंच विचारलं. जुन्या ऑपरेटरने सांगितलं की मंगळवारपासून इन्सर्टची धार लवकर जातेय, बार कडक वाटतोय. दोघांच्याही मशीनवर त्याच दिवशी आलेल्या लॉटचा बार होता. भाच्याने दोन तुकडे कापून हार्डनेस टेस्टला पाठवले. दोन्हींचा आकडा ड्रॉइंगवरच्या मर्यादेच्या वर आला. उरलेल्या बारना लाल रंग मारून तो लॉट बाजूला ठेवला आहे, आणि तक्त्यावर त्या दोन ठिपक्यांशेजारी त्याने लॉटचा नंबर लिहिला आहे.